मामानं राखलेलं वावर

पीएचडीची तोंडी परीक्षा आपल्याकडे अर्धी परीक्षा असते आणि अर्धं लग्न. पाहुण्यांना आवतण द्यायचं, परीक्षकांसाठी शाल आणायची, जेवणात गोड काय ठेवायचं यावरून दोघा-तिघांनी रुसायचं, आणि जिची परीक्षा तिने कोपऱ्यात उभं राहून घाम पुसायचा. दामिनीची परीक्षा सोमवारी अकोल्यात होती. म्हणून शनिवारी सकाळी तिने जठारपेठेतल्या भाड्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि अकोट, अंजनगाव करत एसटीने ती अचलपूरजवळच्या मामाच्या गावी पोचली. हातात पेढ्यांचा डबा होता. मामा-मामींना आवतण देऊन संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं होतं.

आवतणाचा पहिला मान मामांचाच होता, कारण तिची सगळी पीएचडी मामांच्या वावरात उभी होती. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी औषध न फवारता आवरता येते का, हा तिचा विषय. बोंडअळीची अंडी खाऊन टाकणारी एक चिमुकली मित्रकीड असते. ती ज्यातून बाहेर पडते अशी कागदी कार्डं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, पानांमागे टाचायची. गावात त्यांना सगळे चिठ्ठ्याच म्हणायचे. मामांच्या वावराचे तिने दोन तुकडे पाडले होते. एका तुकड्यात चिठ्ठ्या, दुसऱ्यात काहीच नाही, आणि औषधाचा फवारा कुठेच नाही. दोन हंगाम हे चाललं आणि निकाल असा आला की बघणाऱ्याने बघतच राहावं. मोकळा तुकडा अळीने पोखरून टाकला होता. चिठ्ठ्यांच्या तुकड्यात बोंडं टपोरी फुटली होती.

तिचे मार्गदर्शक कमलाकांत सर त्या निकालाने दहा वर्षांनी तरुण झाले होते. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि ‘फवारणीची गरज नाही, चिठ्ठ्या पुरेत’ अशी शिफारस त्यांच्या नावाने शेतकऱ्यांपर्यंत जाणार होती. उन्हाळ्यात अचलपूरच्या शेतकरी मेळाव्यात त्यांनी दामिनीला माइकसमोर उभं करून ते सांगायलाही लावलं होतं.

जानराव मामा ओसरीत बसले होते. मैनामामींनी चहा आणला, दामिनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाळावर हात फिरवला.

“तोंड काहून वाळलं वं असं?” मामांनी विचारलं. “भेव वाटते का परीक्षेचं?”

“वाटते ना मामा. बाहेरचे लोक येतीन. इतका चांगला निकाल कसा आला म्हनून इचारतीन.”

मामा मिशीत हसले. “सांगू का वं आता हिले?” त्यांनी मामींना विचारलं. “आता त सगळं झालंच.”

“सांगा ना बाप्पा. दोन वर्सं पोटात ठेवलं तुमी.”

मामा पुढे सरकले. लहानपणी जत्रेतून आणलेलं खेळणं पाठीमागे लपवताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा. “तू तुहं मोजमाप करून गाडीत बसली का, मी पंप घेऊन चिठ्ठ्याइच्या तुकड्यात उतरत होतो. चांगलं भारी औषध. एक अळी ठेवली नाई! त्या कागदाच्या भरोशावर सोडलं असतं, त सगळ्याइसमोर पोरीचं नाक कापल्या गेलं असतं. आन दुसऱ्या तुकड्याले म्या हात नाई लावला बरं. तो त तुले खराबच पायजे होता ना?”

दामिनीच्या हातातला पेढा हातातच राहिला. तिला आधी काही कळलंच नाही. मामा तिच्याकडे बघत होते. ती आता आनंदाने रडेल, पाया पडेल, अशी त्यांची खात्री होती. तिने पेढा तोंडात घातला, कारण तोंड रिकामं असतं तर त्यातून किंकाळी निघाली असती.

दर फेरीला तिने मामांना विचारलं होतं. नक्की विचारलं होतं. “मामा, फवारलं नाई ना?” आणि मामा म्हणाले होते, “नाई वं.” आता ओसरीत बसून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. उत्तर मामांच्या हातात देऊनच तिने तो प्रश्न विचारला होता. पीएचडीच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना संशोधनाची कौशल्यं नावाचा एक अभ्यासक्रम होता. कमलाकांत सरच तो शिकवायचे. आकडे कसे मांडायचे, शोधनिबंध कसा लिहायचा, व्यासपीठावर हात कुठे ठेवायचे, सगळं शिकवलं. आपल्यावर जीव टाकणाऱ्या माणसाला प्रश्न कसा विचारायचा, हे मात्र कोणी शिकवलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते शिकायची घाई नव्हती. मामांचं ‘नाई वं’ तिला सोयीचं होतं.

“वावर पाहून येतो,” असं म्हणून ती उठली. मामा मागोमाग आलेच.

मामांच्या वावराला लागून नत्थुजींचं वावर. नत्थुजी म्हणजे मामांचे धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागलेले जुने शेजारी. वर्षातून एकदा तरी धुऱ्यावरून भांडायचं आणि पोळ्याला एकमेकांच्या बैलांना पुरणपोळी भरवायची, असं त्यांचं नातं. दामिनीला पाहताच ते पऱ्हाटीच्या तासातून, दोन ओळींमधून, हात हलवत आले.

“ये वं डॉक्टरीनबाई! पाह्य, तुहं ऐकलं म्या. मेळाव्यात तू बोलली ना, त्याच दिवशी घरी येऊन पंप माळ्यावर टाकला. यंदा साऱ्या वावरात चिठ्ठ्याच.”

पऱ्हाटी फुलावर आली होती, गर्द हिरवी, कमरेएवढी. लांबून पाहणाऱ्याचे डोळे निवावेत अशी. दामिनी एका झाडापाशी वाकली आणि तिथेच थबकली. फूल उमललं नव्हतं. पाकळ्यांची टोकं एकमेकींत गुंतून मुठीसारखी मिटलेली होती. याला डोमकळी म्हणतात, आणि ती दिसली की समजायचं, आत अळी आहे. तिने कळी तोडून नखाने उकलली. आत बारीकशी अळी वळवळली. पुढच्या झाडावर आणखी एक डोमकळी होती. त्याच्या पलीकडे आणखी. तिने मान वर करून वावरभर नजर फिरवली.

“बराबर हाय ना वं?” नत्थुजींनी विचारलं. “काई करा लागते का?”

हे एक वाक्य बोलायची वेळ होती. ‘काका, माझं चुकलं, तो चिठ्ठ्यांचा तुकडा फवारलेला होता.’ बोललं की सरांना कळणार, परीक्षा जाणार, पाच वर्षं जाणार, आणि गावभर होणार की जानरावनं भाचीचं वाटोळं केलं. “पाहू काका,” एवढंच ती म्हणाली. हातातली कळी तिने ओढणीच्या टोकात बांधली. धुऱ्यावर उभे राहून मामा तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचं हसू कधी मावळलं, ते तिला दिसलं नाही.

रविवारी सकाळी ती कमलाकांत सरांच्या घरी गेली. सर पूजा आटोपून बाहेर आले. गंध, धुतलेलं धोतर आणि हातात तिचाच प्रबंध, खुणेच्या चिठ्ठ्यांनी भरलेला. तिने सगळं एका दमात सांगितलं. अर्ध्या दमात सांगितलं असतं तर उरलेलं आतच राहिलं असतं.

सरांनी तांब्यातून पाणी ओतलं आणि फुलपात्र भरून ते ताटलीत सांडलं. विद्यार्थी ज्यांच्या चपलांचा आवाज ओळखून गप्प होतात, ते हे सर! त्यांनाही भीती वाटते, हे पाहून तिला धीर यायला हवा होता. उलट ती जास्तच घाबरली.

“तू काय ऐकलंस, ते नीट आठव,” सर शेवटी म्हणाले. “म्हातारी माणसं बढाया मारतात. भाचीसाठी आपण काहीतरी केलं, असं त्यांना वाटायला हवं असतं. ओसरीत चहा पिताना बोललेलं वाक्य म्हणजे पुरावा नव्हे.”

“सर, नत्थुकाकांच्या वावरात डोमकळ्या आहेत.” तिने ओढणीची गाठ सोडून ती सुकलेली कळी टेबलावर ठेवली.

सरांनी कळीकडे पाहिलंच नाही. “एका शेतावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मीच तुला शिकवलंय. उद्या प्रश्न आला की आधी किंचित हसायचं. चांगला प्रश्न आहे म्हणायचं. मग आपल्या तक्त्याकडे यायचं. आणि ‘माहीत नाही’ हे शब्द त्या सभागृहात उच्चारायचे नाहीत. माझ्या हाताखालच्या एकाही विद्यार्थ्याने आजवर उच्चारलेले नाहीत.” ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाले, “दामिनी, माझं शेवटचं वर्ष आहे गं.”

ती नमस्कार करून निघाली.

सोमवारी सभागृह भरलं होतं. समोर सर, त्यांच्या शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, मागे विद्यार्थी, आणि सगळ्यात शेवटच्या रांगेत मामा, मैनामामी आणि नत्थुजी. नत्थुजींना कोणी आवतण दिलं नव्हतं. पण ‘जिचं ऐकून पंप माळ्यावर टाकला तिची परीक्षा पाहायला मी नाई तर कोन जाईन’ म्हणत ते मामांबरोबर गाडीत बसले होते. मामांनी इस्त्रीची टोपी घातली होती. दामिनीने त्यांना पाहिलं आणि तिच्या मनात एकच विचार घुमू लागला. मामा आता सगळ्यांना सांगणार. कोणीतरी सहज विचारणार, आणि मामा छाती फुगवून पंपाची गोष्ट सांगणार.

सादरीकरण तिने कसं केलं, ते तिचं तिलाच माहीत नाही. तोंड बोलत होतं, तक्ते सरकत होते, सर मान डोलवत होते. मग परीक्षक बाईंनी चष्मा काढला. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. अशी माणसं ओरडणाऱ्यांपेक्षा अवघड असतात.

“त्या तुकड्यात दोन हंगामांत आणखी काय काय झालं, ते जरा सांगा ना मला,” बाई म्हणाल्या.

बस. एवढंच. या प्रश्नाच्या पोटात कसलंही उत्तर नव्हतं. दामिनीला वाटलं, असा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी सुचला असता तर! ती हसायचं विसरली, ‘चांगला प्रश्न आहे’ म्हणायचं विसरली.

“शेतकरी आलेत का?” बाईंनी मान वळवून विचारलं. “त्यांनाच ऐकू या की.”

कमलाकांत सरांचा चेहरा पांढरा पडला. मामा उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी दोन्ही हातांत धरली. दामिनीने व्यासपीठाची कड घट्ट पकडली. झालं. संपलं सगळं.

“काका, या वावरात कधी फवारणी झाली होती का?”

मामांनी बाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी दामिनीकडे पाहिलं, शनिवारी धुऱ्यावरून पाहिलं होतं तसंच. “नाई जी,” ते म्हणाले. “एक थेंब नाई. माह्या वावराची आन.”

“म्हनून त म्या यंदा पंप उचललाच नाई, म्याडम!” शेजारून नत्थुजी बसल्या बसल्या ओरडले. “सारं वावर हिच्या चिठ्ठ्याइवर सोडलं!”

लोक हसले, मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. सरांनी मोठा श्वास सोडला. परीक्षक बाईंनीही हसून चष्मा डोळ्यांवर चढवला आणि प्रबंधाचं पान उलटलं. दामिनी वाचली होती. तिच्या अंगातला सगळा ताण एकदम उतरला, इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आणि त्या हलकेपणाचीच तिला अशी भीती वाटली, जशी शनिवारपासून कशाचीच वाटली नव्हती. मामांनी तिच्यासाठी वावराची खोटी शपथ घेतली होती. त्यांच्या शेजारी नत्थुजी अजून टाळ्या वाजवत होते, आणि तिकडे त्यांची पऱ्हाटी आतून खाल्ली जात होती.

“मॅडम,” ती म्हणाली. टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, “मॅडम, फवारणी झाली आहे. दोन्ही हंगामांत. चिठ्ठ्यांच्या तुकड्यातच झाली. मामांनी केली, मी नापास होऊ नये म्हणून. मला परवा कळलं, आणि आत्तापर्यंत मी गप्प राहिले.”

सरांचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं, हेही खरं.

मामा अजून उभे होते, टोपी छातीशी धरून. “पोरी,” ते म्हणाले, “तुले वाचवून राहिलो ना मी.” मैनामामींनी त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना खाली बसवलं. त्या सभेत खोटी शपथ घेतलेला म्हातारा म्हणून लोक मान वळवून त्यांच्याकडे बघत होते, आणि हे त्यांना तिने दिलं होतं. दामिनीला रडू फुटलं. तिने डोळे पुसलेही नाहीत.

“आज निकाल देता येणार नाही,” परीक्षक बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण हसतही नव्हत्या. “चाचणी पुन्हा करावी लागेल. तुम्हाला कल्पना आहे ना?” दामिनीने मान हलवली. सर उठून बाजूच्या दाराने निघून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात बराच वेळ ऐकू येत राहिला.

मग नत्थुजी उठले. त्यांना परीक्षेचं काही पडलं नव्हतं. “मंग माह्या पऱ्हाटीचं काय वं?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“काका, चला,” दामिनी म्हणाली. “डोमकळ्या तोडा लागतीन. आजच.”

जेवणाची पानं तशीच राहिली. एसटीत नत्थुजी पुढे एकटे बसले आणि अकोट गेलं, अंजनगाव गेलं, तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दामिनी मामांच्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, “मामा, मी गाडीत बसून गेली का, वावरात उभं राहून तुमाले काय वाटे, ते सांगा ना.”

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. “भेव वाटे, बाप्पा. तुह्या मायले म्या जबान देल्ली होती का पोरीले शिकवतो म्हनून. चिठ्ठ्या हवेनं हालत, आन मले वाटे, एवढ्याशा कागदावर लेकराचं सारं जगनं टांगलं. झोप नाई ये मले.” मग ते म्हणाले, “तू मले इचारलंच नाई कधी असं.”

नत्थुजींच्या वावरात पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दामिनीने परीक्षेची नवी साडी कमरेला खोचली, पिशवी गळ्यात अडकवली आणि पहिल्या तासाला वाकली. डोमकळी तोडायची, पिशवीत टाकायची, पुढचं झाड. नत्थुजी बाजूच्या तासाला लागले. मैनामामी त्यांच्या पलीकडे. मामा मात्र धुऱ्यावरच उभे होते. आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती.

“जानराव,” नत्थुजी मान न उचलता म्हणाले, “उभा काय राहिला बे? त्या बाजूनं धर.”

मामा खाली उतरले. पिशव्या भरत गेल्या आणि भीती काही कमी होईना, कारण झाडांना अंतच नव्हता. किती कळ्या हातून निसटल्या, किती अळ्या आधीच बोंडात शिरल्या, हे कोणाला दिसणार होतं? आता फवारा मारायचा की थांबायचं, चिठ्ठ्यांनी थोडं तरी काम केलं असेल की काहीच नाही, हे तिच्या जाडजूड प्रबंधात कुठेही नव्हतं. तो सगळा प्रबंध मामांच्या पंपाचा होता.

तासाच्या टोकाला नत्थुजी कंबर धरून उभे राहिले आणि सभागृहातून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“खरं सांग वं पोरी. पीक वाचंन का?”

धीराचं काहीतरी बोलावं, काका घाबरू नका म्हणावं, असं तिला फार वाटलं.

“माहीत नाई, काका,” ती म्हणाली.

नत्थुजींनी मान हलवली, आपली भरलेली पिशवी तिच्याजवळ दिली आणि पुढच्या तासाला वाकले.